एका दाढीला किती पडतं?

आलेलं पत्र:

"नमस्कार. मी मिरजेहून लिहितेय. आमच्या घरखर्चाची वही माझ्याकडे असते. घरात दाढी करणारे तिघं. मिस्टर (४८) बँकेत आहेत. रविवार सोडून रोज दाढी करतात, तीन पात्यांचं कार्ट्रिज वापरतात. चार कार्ट्रिजचं पाकीट ५६० रुपयांना येतं आणि एक कार्ट्रिज ते दोन आठवडे चालवतात. मुलगा (१९) आठवड्यातून दोनदा दाढी करतो. वीस रुपयांचा वापरून फेकायचा रेझर आणतो, तो चार वेळा वापरतो. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, ७७ वर्षांचे. दिवसाआड दाढी करतात, तीही ४५ वर्षांपूर्वी घेतलेल्या स्टीलच्या रेझरने. त्याला दोन्ही बाजूंनी धार असलेलं साधं ब्लेड लागतं. पंधरा रुपयांत पाच येतात, एक ब्लेड चार दाढ्या जातं. मिस्टर म्हणतात, 'मी रेझर पाच वर्षांपूर्वी एकदाच घेतला, अजून चालतोय, मग महाग कुठे आहे?' मुलाला ३,५०० रुपयांचा इलेक्ट्रिक शेव्हर हवाय. एकच घेऊ, तिघं वापरू, असं त्याचं म्हणणं. अण्णांचा हात हल्ली थरथरतो. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. मागच्या महिन्यात हनुवटीला कापलं तर रक्त थांबायला अर्धा तास लागला. दहा वर्षांचा विचार केला तर काय स्वस्त पडेल? की सलूनच बरं? आणि जाता जाता, माझा गुलाबी रेझर पुरुषांच्या तशाच रेझरपेक्षा महाग का?"

प्रिय ताई,

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुम्ही किंमत लिहिलीत आणि सोबत ती वस्तू किती दाढ्या जाते हेही लिहिलंत. बहुतेक पत्रांत नुसती किंमत असते. तुमच्या आकड्यांवरून हिशेब सरळ मांडता येतो.

मिस्टरांचं कार्ट्रिज १४० रुपयांचं, बारा दाढ्या जातं. म्हणजे एका दाढीला ११ रुपये ६७ पैसे. वर्षाला २६ कार्ट्रिज, ३,६४० रुपये. मुलाचा वीसचा रेझर चार दाढ्या, म्हणजे दाढीला पाच रुपये, वर्षाचे ५२०. अण्णांचं तीन रुपयांचं ब्लेड चार दाढ्या, म्हणजे पाऊण रुपया. वर्षाला १३८ रुपये. तिघांचे मिळून ४,२९८, आणि त्यातले पंचाऐंशी टक्के एकट्या मिस्टरांचे. त्यांचा रेझर पाच वर्षं चालतोय हे खरंच आहे, पण तो नुसता दांडा आहे. दाढी दांड्याने होत नाही. ज्याने होते ते दर पंधरवड्याला नवं येतं.

मिस्टरांना ही साधी ब्लेडं वापरायची झाली तर? चांगला धातूचा रेझर आठशे रुपयांचा धरू. याहून स्वस्तही मिळतात, फार महागही मिळतात. वर्षाच्या ३१२ दाढ्यांना ७८ ब्लेडं, म्हणजे २३४ रुपये. दहा वर्षांत रेझरसकट ३,१४०. कार्ट्रिजचे दहा वर्षांचे ३६,४००. दोन्हीकडे आजचेच भाव धरलेत, पुढे दोन्ही वाढतील. आठशेचा रेझर साधारण ७३ दाढ्यांत, म्हणजे तीन महिन्यांच्या आत, फिटतो.

इतका फरक का पडतो, हे मिस्टरांना समजावून सांगा. नुसता आकडा सांगितला तर त्यांना तो आरोप वाटेल. दोन्हीतलं पोलाद काही पंधरापट वेगळं नाही. अण्णांच्या ब्लेडचा आकार शंभर वर्षांहून जुना आहे. त्यावर आज कुणाचीही मालकी नाही. कुठल्याही कंपनीचं ब्लेड कुठल्याही कंपनीच्या रेझरमध्ये बसतं. अण्णांनी रेझर घेतला तेव्हाची कंपनी आज असो वा नसो, त्यांचं अडत नाही. आपल्या देशात बनलेली, परदेशातून आलेली, सगळी ब्लेडं त्याच एका मापाची. त्यामुळे त्यांच्यात भावाची चढाओढ आहे आणि गिऱ्हाईक मोकळं आहे. कार्ट्रिजचं तसं नाही. दांडा आणि कार्ट्रिज जिथे अडकतात तो सांधा प्रत्येक कंपनीने आपापला ठेवलाय, बऱ्याचदा पेटंट घेऊन. एकदा दांडा घरात आला की पुढची सगळी खरेदी त्याच दुकानदारीत.

याची सुरुवात मात्र लोक समजतात तशी झाली नाही. अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट या गृहस्थांनी बदलत्या ब्लेडचा रेझर १९०३मध्ये बाजारात आणला. त्या वर्षी अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेडं खपली. पुढच्याच वर्षी ९० हजारांवर रेझर गेले. 'रेझर फुकटासारखा द्यायचा नि ब्लेडांवर कमवायचं' ही युक्ती त्यांचीच, असं सगळीकडे सांगितलं जातं. पण त्यांचा रेझर पाच डॉलरला होता आणि तेव्हाच्या कामगाराला ती रक्कम चांगलीच जड होती. पेटंट होतं तोवर त्यांनी दांडा महागच विकला. १९२१मध्ये पेटंट संपलं, तसा त्यांनी जुन्या धाटणीचा रेझर एका डॉलरवर आणला. स्वस्त दांडा आणि कायमची ब्लेडं ही रीत त्यानंतर रुजली. पुढे १९७१मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, १९९८मध्ये तीन पात्यांचं, २००६मध्ये पाच पात्यांचं, आणि प्रत्येक पायरीला दाढीचा दर चढत गेला.

मधला एक मार्गही आहे. २०१०मध्ये जिलेटने खास भारतासाठी एकाच पात्याचा 'गार्ड' रेझर काढला. तो पंधरा रुपयांना होता आणि कार्ट्रिज पाच रुपयांना. आपल्याकडे कितीतरी माणसं नळाखाली नाही, तर वाटीभर पाण्यात रेझर बुचकळून दाढी करतात. केस अडकू नयेत म्हणून हे कार्ट्रिज मागून मोकळं ठेवलं होतं. आज ते भाव राहिलेले नाहीत, पण त्या जातीची एकपाती कार्ट्रिजं तीन-पाती कार्ट्रिजच्या मानाने अजूनही खूपच स्वस्त आहेत. साध्या ब्लेडची भीती वाटत असेल तर मिस्टरांनी तिथून सुरुवात करावी.

आता जी गोष्ट मला पैशांहून महत्त्वाची वाटते ती. ब्लेड बोथट का होतं? केस पोलादाहून जवळजवळ पन्नासपट मऊ असतो. मग पोलाद का हरतं? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आणि २०२०मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडलं. धार गुळगुळीत घासली जात नाही, तिचे बारीक बारीक टवके उडतात. पोलाद आतून सगळीकडे सारखं नसतं. जिथे ते थोडं मऊ-कडक असं मिसळलेलं असतं तिथे केस तिरका येऊन वाकला की टवका निघतो. म्हणजे ब्लेड कोरडं करून ठेवलंत, तेलात बुडवलंत, जीनच्या कापडावर घासलंत, तरी उडालेला टवका परत बसत नाही. झटकून, कोरड्या जागी ठेवणं चांगलंच, गंज तरी लागणार नाही. पण धार पुसू नका, बोट कापेल नि वरचा पातळ लेपही जाईल. खरा उपयोग होतो तो केस भिजवण्याचा. आंघोळीनंतर दाढी, किंवा साबण लावून दोन-तीन मिनिटं थांबणं. भिजलेला केस कोरड्याच्या मानाने फार सहज कापला जातो.

म्हणजे ब्लेड ठरावीक दाढ्यांनी बदलणं आलंच. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला पाच ते सात दाढ्यांनंतर ब्लेड बदलायचा आहे. तुमचे मिस्टर बारा करतात. मी त्यांना दोष देत नाही. १४० रुपयांची वस्तू सहाव्या दिवशी टाकून द्यायला कुणाचाही हात आखडेल. पण सल्ल्याप्रमाणे सहा दाढ्यांत बदललं तर त्यांचा दर २३ रुपयांवर आणि वर्षाचा खर्च ७,२८० रुपयांवर जाईल. आज ते ३,६४०वर थांबतात ते अर्धे दिवस बोथट पात्याने चेहरा ओढून घेतात म्हणून. अण्णांचं उलट आहे. तीन रुपयांचं ब्लेड टाकताना मन खात नाही, म्हणून पाऊण रुपयात त्यांना कायम धारदार ब्लेड मिळतं. मानेवर पुरळ येतं का, दुसऱ्या आठवड्यात गालाची आग होते का, हे मिस्टरांना विचारा. उत्तर 'हो' आलं, तर हा हिशेब त्यांना पैशांपेक्षा लवकर पटेल.

मी स्वतः गेली बावीस वर्षं साध्या ब्लेडवर आहे, म्हणून शिकण्याचा काळ लपवून ठेवणार नाही. पहिले दोन आठवडे कापतं. कार्ट्रिज दाबून फिरवायची हाताला सवय असते आणि इथे दाबलं की रक्त आलंच. रेझर स्वतःच्या वजनाने उतरू द्यायचा, चेहऱ्याशी साधारण तीस अंशांचा कोन ठेवायचा, आखूड हात मारायचे, केसांच्या दिशेने जायचं. उलटी दाढी महिनाभर नकोच. शेवटी ओली तुरटी फिरवायची. सुरुवात शनिवारी संध्याकाळी करावी, घाईच्या सकाळी नाही. पहिल्यांदा दोन-तीन कंपन्यांची एकेक पाकिटं आणा, कारण सगळी ब्लेडं एका मापाची असली तरी सगळ्यांची धार सगळ्या चेहऱ्यांना मानवत नाही. एक लक्षात असू द्या: विमानाच्या केबिन बॅगेत सुटी ब्लेडं नेता येत नाहीत. मिस्टरांचा फिरतीचा काही कार्यक्रम असेल तर कार्ट्रिजचा जुना दांडा त्यासाठी राहू द्या.

साबणाचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण तुमच्या वहीत तो आला पाहिजे. ब्लेड पाऊण रुपयावर आलं की साबण त्याहून महाग होतो. माझे वडील ब्लेडच्या वेष्टणावर पेन्सिलीने तारीख टाकत. मी तशीच क्रीमच्या ट्यूबवर टाकली. सत्तर ग्रॅमची ट्यूब ब्रशने वापरून मला अकरा आठवडे गेली. ऐंशी रुपये धरले तर रोज दाढी करणाऱ्याला रुपयाच्या आसपास. डब्यातला तयार फेस बोटांनी मूठभर लागतो आणि दाढीला पाच रुपयांपर्यंत सहज जातो. वाटीत गोल वडी आणि ब्रश, याहून स्वस्त काही नाही.

इलेक्ट्रिक शेव्हरकडे येऊ. एकच शेव्हर तिघांनी वापरायचा नाही. हे मी पैशांसाठी सांगत नाही. दाढीत न दिसणारे ओरखडे उठतात आणि रक्ताचा अगदी सूक्ष्म अंश पात्यावर राहतो. कावीळ बी त्यातून पसरू शकते. ब्लेड असो, शेव्हर असो, ज्याचं त्याचं वेगळं. घरातलीच माणसं आहोत म्हणून ही गोष्ट सोडू नका.

एकाने घेतला तर काय पडेल? ३,५०० रुपयांचा शेव्हर. त्याची जाळी आणि आतली पाती दीड-दोन वर्षांनी बदलायला कंपन्या सांगतात. ती जोडी बाराशेची धरू. पाच वर्षांत बॅटरी थकते, बहुधा पुरं यंत्रच बदलावं लागतं. दहा वर्षांत दोन यंत्रं, चार जोड्या: ११,८०० रुपये. वीज विचारात घेऊ नका. पाच वॅटचा चार्जर आठवड्याला तासभर लावला तरी वर्षाला पाव युनिटच जळतं. साबण लागत नाही, तेवढे वाचतात. आता गंमत पाहा, मिस्टरांच्या दहा वर्षांच्या ३,१२० दाढ्यांवर हे वाटले तर दाढीला पावणेचार रुपये पडतात. अण्णांच्या १,८२० दाढ्यांवर साडेसहा. आणि ज्याने मागितलाय त्या मुलाच्या १,०४० दाढ्यांवर सव्वाअकरा, म्हणजे वडिलांच्या कार्ट्रिजइतके! कमी वापरला तर जाळी थोडी जास्त टिकेल, पण बॅटरी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होतेच. ज्याची सगळ्यात जास्त वेळा दाढी होते त्याला शेव्हर स्वस्त, ज्याची कमी त्याला महाग. मुलाला हे कागदावर मांडून दाखवा. एकोणीस वर्षांच्या मुलाला नकाराचा राग येतो, भागाकाराचा येत नाही. त्याला आठवड्याला दोनदाच लागतंय तर साधा रेझर किंवा एकपाती कार्ट्रिज पुरे. वापरून फेकायचा रेझर मात्र बंद करा. दरवेळी प्लास्टिकचा अख्खा दांडा कचऱ्यात जातो, ते मला पटत नाही.

सलूनबद्दल थोडक्यात. दाढीला साठ रुपये धरले तर मिस्टरांचे वर्षाला १८,७२० होतात. रोजच्यासाठी ते परवडणार नाही. पण महिन्यातून एखाद्या रविवारी खुर्चीत डोळे मिटून बसणं, गरम टॉवेल, मानेला मालिश, याचा हिशेब दाढीच्या खात्यात धरू नये. फक्त ब्लेड आपल्यासमोर नव्या पाकिटातून काढायला सांगावं. चांगले कारागीर न सांगताच तसं करतात.

आणि अण्णा. त्यांचा दर तिघांत सगळ्यात कमी, पाऊण रुपया. तरी ताई, त्यांच्याबाबतीत मी तुम्हाला जास्त खर्च करायला सांगणार आहे. रक्त पातळ करायची गोळी आणि थरथरणारा हात ही जोडी उघड्या ब्लेडसाठी नाही. अशा रुग्णांना इलेक्ट्रिक शेव्हर वापरायलाच सांगतात. हात थरथरतो आणि रक्त अर्धा तास थांबलं नाही, हे दोन्ही आधी त्यांच्या डॉक्टरांना सांगा. गोळीचं प्रमाण पाहायचं का ते तेच ठरवतील, घरच्या घरी गोळी बंद करू नका. तुमच्या घरात शेव्हर घ्यायचा तो अण्णांसाठी. वर्षाला ११८० रुपये पडतील. न्हावीदादांना आठवड्यातून दोनदा घरी बोलावलं आणि खेपेला ऐंशी रुपये धरले तर ८,३२० होतात. पण काही वयस्कर माणसांना गप्पांसाठीही कुणी आलेलं हवं असतं. अण्णा तसे असतील तर पंधरवड्यातून एकदा तेही करा.

शेव्हर त्यांच्या हातात ठेवून 'आजपासून हा वापरा' असं मात्र म्हणू नका. पंचेचाळीस वर्षं ज्या रेझरने सकाळ सुरू झाली तो काढून घेतला, असं त्यांना वाटता कामा नये. तुमच्या मुलाने आधी तो चार्ज करून स्वतः अण्णांच्या गालावरून फिरवावा. पहिले दोन-तीन आठवडे त्वचा कुरकुर करते. दिवसाआडच्या वाढीला एकच केस दोनदा पकडावा लागतो, म्हणून सावकाश, त्वचा ताणून धरून करायचं. जुना रेझर त्यांच्या फळीवर तसाच राहू द्या, फक्त त्यात ब्लेड ठेवू नका. मिस्टरांना साधी ब्लेडं वापरायची असतील तर त्यांनी आपला वेगळा रेझर घ्यावा, आणि तो कसा धरायचा हे अण्णांकडून शिकावं. घरात इतका सराव असलेला दुसरा माणूस नाही.

तुमच्या गुलाबी रेझरचं. तुमची शंका खरी आहे. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्याने २०१५मध्ये जोड्याजोड्यांनी किमती ताडून पाहिल्या, तेव्हा बायकांसाठीच्या स्वच्छता-प्रसाधनाच्या वस्तू सरासरी तेरा टक्क्यांनी महाग निघाल्या, आणि त्यात रेझरही होते. पात्याला रंग कळत नाही. पुरुषांच्या फळीवरचा बिनगुलाबी एकपाती रेझर बिनधास्त घ्या, पाय तितकेच नीट होतात. तुमच्याही आकड्याची वहीत एक ओळ करा, तुम्ही फक्त तिघांचाच हिशेब पाठवलात.

साधी ब्लेडं घरात वाढणार, तर एक काम पहिल्याच दिवशी करा. मिस्टरांची ७८ ब्लेडं वर्षाला बाहेर पडतील आणि ती कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात गेली तर कचरा वेगळा करणाऱ्या बाईच्या बोटाला लागणार. पत्र्याचा एखादा रिकामा डबा घ्या. झाकणाला ब्लेड आत सरकेल इतकी चीर पाडा, झाकण चिकटपट्टीने पक्कं करा आणि तो आरशाजवळ ठेवा. अशा डब्यात कित्येक वर्षांची ब्लेडं मावतात. भरला की चीरही बंद करा, वर मोठ्या अक्षरांत 'ब्लेड' लिहा आणि घंटागाडीवरच्या माणसाला सांगून वेगळा हातात द्या.